शीळकरी कस्तूर ऐकायला निघण्याआधी: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला पाऊस पडला की माझा फोन वाजायला लागतो. कोणाला चिखलदऱ्याला जायचं असतं, तर कोणी आधीच तिथं पोचून, धुक्यात उभं राहून विचारत असतं, "भाऊ, शिट्टी तर ऐकू येऊन राहिली, पण पाखरू काही दिसत नाही." तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून एकदा सगळी लिहून काढली. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत.

हा पक्षी नेमका कोणता?

शीळकरी कस्तूर. काही जण त्याला मलबारी कस्तूर म्हणतात, आणि इंग्रजीतून आलेलं त्याचं लाडकं टोपणनाव आहे 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा'. लांबी साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा थोडा मोठा. अंग काळंशार, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा पट्टा. चोच आणि पाय काळेच. नर-मादी सारखेच दिसतात. पिल्लं जरा तपकिरी असतात आणि त्यांच्या कपाळावर निळं नसतं.

शास्त्रीय वर्णन १८३१ साली निकोलस व्हिगर्स यांनी केलं आणि नाव दिलं टॉमस हॉर्सफिल्ड या निसर्ग-अभ्यासकाच्या सन्मानार्थ. नावात कस्तूर असलं तरी आता त्याची गणना माशीमारांच्या कुळात होते. म्हणजे आपल्या अंगणातला दयाळ त्याच्याच कुळातला नातेवाईक. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली कामी येईल.

नागपुरात दिसते का?

नाही. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, कुठंही त्याची वाट बघत बसू नका. हिवाळ्यात काही पक्षी डोंगर सोडून सपाटीवर भटकतात हे खरं, पण त्या भरवशावर रविवार घालवण्यात अर्थ नाही. त्याला खडक लागतो, वाहतं पाणी लागतं आणि ओढ्याच्या काठची दाट, अंधारी झाडी लागते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, सगळं पसरट. आपल्याकडे नाग नदी आहे, पण तिच्या काठी काय ऐकू येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मग जायचं कुठं? चिखलदरा की पचमढी?

दोन्हीकडे आहे. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सुमारे ११०० मीटर उंचीवर. नागपूरहून अमरावती-परतवाडा मार्गे साधारण २३० किलोमीटर. पचमढी मध्य प्रदेशात, छिंदवाडा-तामिया मार्गे जवळपास तेवढंच लांब आणि उंचीही जवळपास तेवढीच.

मला विचाराल तर पहिल्यांदा चिखलदरा. कारण साधं आहे: गावाच्या भोवतीच दऱ्या आहेत, दऱ्यांत पावसाळी ओढे आहेत आणि मुक्कामाच्या खोलीतून निघून पायी पाच-दहा मिनिटांत तुम्ही पक्ष्याच्या हद्दीत असता. पचमढीत धबधबे मोठे आणि देखणे आहेत, पण पाण्याचा आवाजही तेवढाच मोठा. नवख्या कानाला तिथं गाणं वेगळं काढणं जड जातं.

एक मात्र करा, आदल्या दिवशीच जा. रात्री दोनला नागपूर सोडून पहाटे पोचतो म्हणणारे बहुतेक जण परतवाड्याच्या चहावर अडकतात आणि वर पोचेपर्यंत गाणं संपलेलं असतं. घाटात धुकं असलं तर रात्रीचा तो रस्ता मजेचा नाही.

चिखलदऱ्याला मेघवन म्हणायचं का?

काटेकोर अर्थानं नाही. ज्या रानात ढग वर्षभर किंवा वर्षातला बराच काळ झाडांमध्येच उतरून राहतो, त्याला मेघवन म्हणतात. तिथं पाऊस नसला तरी झाडं धुक्यातून पाणी गाळून घेतात. खोडांवर शेवाळ, नेचे, आमरी लगडलेली असतात. आपल्या देशात असली रानं म्हणजे निलगिरी, अन्नामलाई, पळनीच्या माथ्यावरची शोला आणि पूर्व हिमालयाचे काही उतार.

चिखलदरा-मेळघाट म्हणजे मुळात सागाचं पानगळी जंगल. मे महिन्यात या, डोंगर टक्कल पडल्यासारखा दिसेल. पण जुलै-ऑगस्टमध्ये ढग दरीतून वर चढून गावातल्या रस्त्यावर येतात, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, सागाच्या पानांवरून पाऊस थांबल्यावरही तासभर टपटप चालू असते. त्या दोन-तीन महिन्यांपुरतं हे रान मेघवनाचं सोंग घेतं. आणि आपला कस्तूर नेमका त्याच महिन्यांत सगळ्यात जास्त गातो.

खऱ्या मेघवनातले गवई ऐकायचे असतील तर दक्षिणेला जावं लागेल. तिथं शोलाकिली नावाचे छोटे पक्षी आहेत. २०१७ साली त्यांचा स्वतंत्र 'जीनस', म्हणजे जवळच्या जातींचा वेगळा गट, मांडला गेला. पालघाटच्या खिंडीच्या उत्तरेला एक जात, दक्षिणेला दुसरी. डोंगरमाथे एकमेकांपासून तुटलेले, मधल्या उष्ण खिंडीतून तो पक्षी पलीकडे जात नाही. शीळकरी कस्तुराचं तसं नाही. तो एवढा नाजूक नाही, कमी उंचीवरही राहतो, म्हणून त्याचा मुलूख मोठा आहे. श्रीलंकेतला त्याचा भाऊबंद मात्र खराखुरा उंच डोंगरातला आणि दुर्मिळ आहे.

हा तर कोकण-सह्याद्रीतला पक्षी. सातपुड्यात कसा काय आला?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून जो विचारतो त्याला मी चहा पाजतो.

सुरतेच्या डांगपासून खाली केरळपर्यंत सह्याद्री हे त्याचं मुख्य घर. शिवाय सातपुडा आणि पूर्व घाटातल्या काही टेकड्या. भारताबाहेर तो नाही. आपलं शेकरूही असंच, सह्याद्रीतही आणि सातपुड्यातही. मधे काळ्या मातीचा कापसाचा मुलूख पसरलेला.

१९४० च्या दशकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाला पूर्व हिमालयातले आणि सह्याद्रीतले डोंगरी ओढ्यांचे मासे एकमेकांसारखे दिसले. त्यांनी मांडलं की पूर्वी हवामान अधिक ओलं असताना सातपुड्याची रांग या दोघांमधला पूल असावी. 'सातपुडा सिद्धान्त' म्हणून तो ओळखला जातो. पुढे त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली आणि सगळ्या जीवांना तो लागू होत नाही हे आता मान्य आहे. तरी चिखलदऱ्याच्या कठड्यावर उभं राहून, समोर एकामागे एक निळ्या रांगा दिसत असताना कोकणातल्या पाखराची शीळ ऐकली की होरांना तो पूल का सुचला असेल, ते समजतं.

कोणता महिना, कोणती वेळ?

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत. विणीचा हंगाम फेब्रुवारी ते ऑगस्ट असा लांबलचक आहे, पण मुख्य जोर पावसाळ्यातच.

वेळ पहाटेची, आणि पहाट म्हणजे खरी पहाट. जुलैच्या सुरुवातीला चिखलदऱ्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, नागपूरपेक्षा सातेक मिनिटं उशिरा. गाणं त्याच्या अर्धा तास आधी सुरू होतं. झाडं नुसती काळी दिसत असतात, हाताची बोटं मोजता येत नाहीत, तेव्हा. सात वाजेपर्यंत बहर ओसरतो. दिवसभरात मग एखादी तुटक शीळ, एक-दोन सुरांची. संध्याकाळी पुन्हा थोडं.

"आम्ही नऊला नाश्ता करून निघालो, काहीच ऐकू आलं नाही." बरोबर आहे.

त्याचं गाणं ओळखायचं कसं?

एखादा माणूस शीळ घालत चाललाय असं वाटलं आणि मागे वळून बघितलं तर कोणीच नाही, म्हणजे तोच.

सविस्तर सांगतो, कारण 'माणसासारखी शीळ' एवढ्यावर लोक दयाळालाही कस्तूर ठरवतात. दयाळाचं गाणं छोट्या, आखीव ओळींचं असतं. एक ओळ, थांबा, दुसरी ओळ. तो तार किंवा टोकाच्या फांदीवर बसून सगळ्यांना दिसेल असा गातो. कस्तुराला ओळ पूर्ण करायची घाईच नसते. दप्तर पाठीला, चप्पल चिखलात, शाळेला उशीर झालाय, पण पोराला काही पडलेलं नाही. अशा पोरासारखी त्याची शीळ वर जाते, मधेच घसरते, एखादा सूर लांबवते, विसरल्यासारखी थांबते आणि भलतीकडूनच पुन्हा सुरू होते. सूर गोल आणि भरीव असतात, किरकिरे नाहीत. पट्टी माणसाच्या शिळेइतकीच, म्हणून तर फसायला होतं.

दुसरी खूण म्हणजे लांबी. सलग दहा-पंधरा मिनिटं तो असा रेंगाळत राहू शकतो.

तिसरी खूण, जागा. आवाज बहुधा खालून येतो, दरीतून, ओढ्याच्या अंगानं. झाडाच्या शेंड्याकडे दुर्बीण लावून काही उपयोग नाही.

मधेच एक कर्कश 'क्रीऽऽ' येतं. तेही त्याचंच का?

हो, त्याचंच. गाणं मऊ, हाक सुरीसारखी. उडताना, दचकल्यावर, दुसऱ्याला हद्दीतून हाकलताना ही हाक देतो. ओढ्याचा खळाळ मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. अशा जागी राहणाऱ्या पक्ष्यांच्या हाका उंच आणि टोकदार असल्या की पाण्यावरून आरपार ऐकू जातात. धबधब्यापाशी उभे असाल तर गाणं कदाचित ऐकू येणार नाही, पण ही 'क्री' नक्की ऐकू येईल.

गाणं कुठल्या रागात असतं?

हसू नका, हा प्रश्न दर वर्षी येतो. माझा एक मित्र पेटी वाजवतो. एकदा त्याला पहाटे सोबत नेलं. त्यानं आधी पक्ष्याचा सा धरायचा प्रयत्न केला. धरला तर पक्षी पुढच्या वेळी थोडा वरून निघाला. पुन्हा धरला, पक्ष्यानं मींड घेऊन मधल्याच कुठल्या तरी जागी सूर सोडला, जी जागा पेटीत नाहीच. वीस मिनिटांनी मित्र म्हणाला, "हा रियाजाला बसलेला नाही, हा नुसता गुणगुणतोय." त्यानंतर तो गप्प ऐकत बसला, आणि मला वाटतं त्या सकाळी त्याला माझ्यापेक्षा जास्त ऐकू आलं.

एवढं मात्र माहीत आहे की गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात. कस्तुराची तर ही कला इतकी पक्की की पूर्वी लोक त्याला पिंजऱ्यात पाळायचे आणि तो माणसाची अख्खी चाल उचलायचा.

मग आता पाळता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. देशी रानपाखरं पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. इतवारीत कोणी काय विकतं ते मला सांगू नका, वनविभागाला सांगा.

निळा रंग दिसलाच नाही, नुसता काळा दिसला. दुसराच पक्षी असेल का?

तोच असेल. त्याच्या पिसांत निळा रंग असा नाहीच. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून निळा फाकतो, म्हणून तिरपा प्रकाश हवा. ढगाळ सकाळी तो कोळशाच्या तुकड्यासारखा दिसतो. आणि मग ढग फाटतो, एक किरण खडकावर येतो, पक्षी मान वळवतो आणि कपाळावर निळाईची एक ठिणगी पेटून विझते. खांद्याचा निळा त्या मानानं जास्त वेळ टिकतो.

गोंधळ होतो तो निळ्या शैलकस्तुराशी. पण तो आपल्याकडे हिवाळी पाहुणा, अंगानं सडपातळ, रंग सगळीकडे राखट-निळा आणि बसतो उघड्या खडकावर किंवा छताच्या कडेला. पावसाळ्यात तो इथं नसतोच. म्हणून 'जुलैमध्ये निळा शैलकस्तूर पाहिला' अशी नोंद कोणी पाठवली की मी फोटो मागतो.

पक्षी गातो तेव्हा बाकी करतो काय? एखाद्या सकाळचं सांगा ना.

गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ वहीत आहे तशी सांगतो. जागा गावाबाहेरचा एक छोटा ओढा, वर दगडी मोरी, खाली तीन-चार पायऱ्यांसारखे खडक. कुठला ओढा ते लिहीत नाही, कारण पुढे कळेल.

५.१२ ला पहिला सूर. नुसता एक, आणि मग शांतता. मी खडकाला पाठ लावून रेनकोटवर बसलेला. ५.१५ पासून सलग गाणं, उजवीकडच्या जांभळीच्या खालच्या फांदीवरून. दिसत काहीच नाही. ५.३१ ला गाणं थांबलं, 'क्री', आणि काळी सावली माझ्या समोरून पाण्याला समांतर, हातभर उंचीवरून गेली. पलीकडच्या खडकावर बसला. बसल्या बसल्या शेपटी पंख्यासारखी उघडली, मिटली. पुन्हा उघडली. ही त्याची सवय, एकदा ओळखली की अंधुक उजेडातही आकृती पटते.

५.३८ ला पाण्याच्या कडेला उतरला. चिखलात चोच, काहीतरी ओढून काढलं, बहुधा गांडूळ. मग खडकाच्या फटीत डोकं घालून एक छोटा खेकडा बाहेर ओढला. खेकड्यानं नांगी उगारली. कस्तूर एक उडी मागे, दोन उड्या पुढे. मग उचलला आणि दगडावर आपटला. उचलला, आपटला. किती वेळा ते मोजायला लागलो तेव्हा उशीर झाला होता, त्यापुढे मोजलं ते नऊ वेळा. नांगी गळून पडल्यावर बाकीचा गिळला आणि नांगी तशीच ठेवून गेला. मी नंतर जाऊन बघितली, माझ्या करंगळीच्या नखाएवढी होती.

५.५० ला आंघोळ. भर पावसात, वरून पाणी पडत असताना हा पुन्हा ओढ्यात उतरून पंख फडफडवत आंघोळ करतोय. दिवसात कितीही वेळा करतो. आणि आंघोळ झाली की लगेच, पिसं पिंजारलेली, पंख अर्धे लोंबत असताना, चोच जेमतेम उघडून एक हळू शीळ. अगदी स्वतःपुरती. त्या दिवशी सात-आठ फुटांवरून ऐकली म्हणून कळली, एरवी पाण्यात विरून गेली असती. पहाटेचं मोठं गाणं दुसऱ्यांना ऐकवण्याचं असतं हे समजतं. हे कोणासाठी होतं, मला सांगता येत नाही.

६.२० ला मोरीवरून एक मोटारसायकल गेली, मागे मोठ्यानं गाणं लावलेलं. कस्तूर गप्प.

घरटं कुठं असतं? फोटो काढला तर चालेल?

ओढ्याकाठच्या खडकाच्या कपारीत, धबधब्याशेजारी, झाडाच्या ढोलीत, कधी चक्क घराच्या किंवा पुलाच्या आडोशाला. शेवाळ, बारीक मुळ्या यांची जाडसर वाटी. अंडी २ ते ४, फिकट गुलाबी किंवा राखाडी, ठिपक्यांची. नर-मादी दोघंही आळीपाळीनं उबवतात, १६-१७ दिवस. तीच जागा वर्षानुवर्षं वापरतात. म्हणून एकदा जागा जगजाहीर झाली की ती दर वर्षी जगजाहीर राहते.

फोटो काढू नका. चोचीत खाऊ घेऊन पक्षी जवळच्या दगडावर थांबलाय, शेपटी हलवतोय, 'क्री' करतोय आणि आत जात नाही, याचा अर्थ तुम्ही त्याच्या दारात उभे आहात. उठा आणि निघा.

मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बोलावला तर?

मी हे केलंय, म्हणून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी दोन पाहुणे सोबत होते, त्यांना दुपारी परत निघायचं होतं आणि पक्षी काही दिसेना. मी त्याच मोरीवर उभं राहून फोनवर त्याचं गाणं लावलं. एका मिनिटात आला. आमच्या डोक्यावरून दोनदा फेऱ्या मारल्या, 'क्री, क्री' केलं, कठड्यावर बसून शेपटी उघडझाप केली. पाहुणे खूश, फोटो झाले. मी पुन्हा लावलं, पुन्हा आला. मग गप्प झाला. त्या दिवशी पुन्हा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गाणं आलं ते लांबून, ओढ्याच्या बऱ्याच वरच्या अंगानं.

आठवड्यानं तिथं गुरं चारणाऱ्या एका कोरकू दादांनी सांगितलं की मोरीच्या खालीच घरटं होतं. "तुम्ही त्याच्या घरात दुसरा कस्तूर सोडला," ते म्हणाले. घरट्याचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

विणीच्या दिवसांत हद्दीत परका गाऊ लागला की त्याला सगळं सोडून भांडायला यावं लागतं. अंडी थंड पडली तरी यावं लागतं. फोन खिशात ठेवा.

ॲपनं ओळखलं तर ते पक्कं समजायचं का?

आवाजावरून पक्षी ओळखणारी मर्लिनसारखी ॲप नागपुरात सरावासाठी चांगली आहेत. पण कस्तुराच्या बाबतीत दोन अडचणी. एक, तुमच्या मागे उभा असलेला मित्र शीळ घालत असेल तर ॲपचाही तुमच्याइतकाच गोंधळ होऊ शकतो. दोन, ओढ्याच्या आवाजात ते वाट्टेल ती नावं दाखवतं. ॲपनं नाव दिलं की तो अंदाज समजा. स्वतःच्या कानानं ऐकलेलं आणि निदान सावली तरी पाहिलेली असेल तरच ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाका.

मग गाणं रेकॉर्ड तरी कसं करायचं? माझ्या फोनमध्ये नुसता पाण्याचा आवाज येते.

पहिल्यांदा फोन एअरप्लेन मोडवर. आवाज सुधारणारं किंवा 'नॉइज कमी करा' असलं काही चालू असेल तर बंद करा. ते माणसाचं बोलणं वाचवायला बनवलेलं असतं, पक्ष्याचे सूर तेच खाऊन टाकतं. वाव्ह फॉरमॅट मिळत असेल तर तोच.

मग जागा बदला. ओढा तुमच्या पाठीशी आणि पक्षी समोर असा कोन साधा. तुमचं शरीरच पाण्याच्या आवाजाला आडोसा होतं. दहा पावलं सरकल्यानं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या माइकनंही पडत नाही. फोन हातात धरू नका, घडी केलेल्या कोरड्या फडक्यावर दगडावर ठेवा, माइकचं तोंड पक्ष्याकडे. छत्रीखाली रेकॉर्डिंग करायला जाऊ नका, छत्री म्हणजे नगारा. शेवटी दहा सेकंद थांबा आणि स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा, पक्षी काय करत होता ते बोलून ठेवा. घरी आल्यावर हेच सगळ्यात मोलाचं निघतं.

संगणकावर त्याचा ध्वनिआलेख काढून बघाच. पाणी तळाशी राखाडी धुक्यासारखं दिसतं आणि त्याच्या वर कस्तुराची शीळ एकाच बारीक रेघेत वर-खाली वळत जाते, कोऱ्या पाटीवर पोरानं खडूनं गिरगटल्यासारखी. सूर इतका शुद्ध, की रेघ कुठंही फाटत नाही.

वहीत काय लिहायचं?

वेळ, पाऊस आहे की नाही, धुकं किती, आवाज कुठल्या दिशेनं, किती वेळ चालला, थांबला तेव्हा काय झालं. 'नर गात होता' असं लिहू नका. दोघं सारखेच दिसतात, तुम्हाला कसं कळलं? 'एक पक्षी' लिहा. गाण्याचं वर्णन शब्दांत जमत नसेल तर वर-खाली जाणाऱ्या रेघा काढा. मी तेच करतो, माझ्या जुन्या वह्या बघून घरच्यांना वाटतं मी ईसीजी काढतोय.

पेन चालत नाही, पेन्सिल न्या.

सोबत काय न्यायचं?

पायाला पकड असलेले बूट (शेवाळलेल्या खडकावर फ्लोटर नको), ८×४२ ची दुर्बीण, कोरडं फडकं, बसायला प्लास्टिक. कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवू नका. पहाटे बाहेर काढल्या काढल्या काचेवर वाफ धरते आणि जातच नाही. रात्रभर बॅगेत, खोलीच्या साध्या हवेत ठेवा.

परवानगी लागते का?

गाव आणि गावातून जाणारे रस्ते खुले आहेत. भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्रातल्या सफारी साधारणपणे बंद असतात. पायवाट दिसली म्हणून आत शिरू नका. वाघ असतो म्हणून तर आहेच, पण अस्वल जास्त. कस्तुरासाठी आत जायची गरजही नाही, तो रस्त्याच्या मोरीखालीच असतो.

तोवर नागपुरात सराव कसा करू?

दयाळ ऐका. वर म्हटलं ना, नातेवाईक आहे. मार्च ते जुलै पहाटे पाचला गच्चीवर जा, नागपुरात असा मोहल्ला नाही जिथं एक तरी दयाळ गात नाही. महिनाभर रोज एकाच दयाळाला पंधरा मिनिटं ऐका. त्याच्या ओळी पाठ होतील, शेजारच्या दयाळाला उत्तर देताना तो काय बदलतो ते कळायला लागेल. जूनमध्ये गोरेवाड्याकडे नवरंग पक्षी येतो, त्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ ऐका. आणि पावशाचं 'पेर्ते व्हा' तर झोपेतही ऐकू येतंच. तो ऐकू आला की दुर्बीण पुसायला घ्यायची आणि चिखलदऱ्याची खोली बुक करायची.

पहाटे गेलो, पाऊस एवढा की काहीच ऐकू आलं नाही. आता?

मुसळधार असला तर तोही गप्प बसतो. पाऊस उघडल्यावरची पहिली पंधरा मिनिटं सोडू नका, बरेचदा तेव्हाच सुरुवात होते. तेही नाही जमलं तर गावात या, भाजलेलं कणीस घ्या, चिखलदऱ्याची रबडी खा आणि संध्याकाळी साडेपाचला पुन्हा त्याच जागी जाऊन बसा. त्याच जागी, दुसरीकडे नाही. दोन मुक्कामांत चार बैठका होतात. मला सगळ्या चारही कोरड्या गेल्याचं एकदाच आठवतं, आणि त्या वेळी माझ्यासोबत मोठ्यानं बोलणारे सहा जण होते.